एक वर्षाचा करार, मग पुन्हा एक वर्षाचा: इंग्लंडच्या खालच्या लीगमधले फिरस्ते फुटबॉलपटू

बालेवाडीकर

आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) २०१५ च्या हंगामातला एफसी पुणे सिटीचा संघ आठवतोय का कुणाला? प्रशिक्षक डेव्हिड प्लॅट. चर्चा सगळी मुतू, तुंजाय आणि झोकोरा या नावाजलेल्या परदेशी खेळाडूंची. त्यांच्या सावलीत चार इंग्रज होते: निकी शोरी, रॉजर जॉन्सन, जेम्स बेली आणि गोलकीपर स्टीव्ह सिमन्सन. हा धागा अशा लोकांसाठी.

सिमन्सनचंच बघा. १९९८ मध्ये एव्हर्टनने त्याला ट्रॅनमियरकडून ३३ लाख पौंडांना घेतला. पोरगा तेव्हा विशीतही नव्हता आणि एका कोवळ्या गोलकीपरसाठी ही रक्कम त्या काळी डोळे विस्फारायला लावणारी होती. एव्हर्टनमध्ये जम बसला नाही. मग स्टोकमध्ये काही वर्षं, मग शेफील्ड युनायटेड. २६ मे २०१२ ला वेम्बलीवर लीग वनच्या (तिसरा स्तर) प्ले-ऑफची, म्हणजे वर जाण्याची शेवटची जागा ठरवणारी फायनल, शेफील्ड युनायटेड विरुद्ध हडर्सफील्ड. १२० मिनिटांत गोल नाही. पेनल्टी शूटआउट इतका लांबला की पाळी गोलकीपरांवर आली. हडर्सफील्डच्या अॅलेक्स स्मिथीजने मारली ती आत गेली, सिमन्सनची बारवरून. ८-७. शेफील्ड युनायटेडला त्या डिव्हिजनमधून वर यायला २०१७ उजाडलं.

आणि सिमन्सन? प्रेस्टन, डंडी, रेंजर्स, आणि मग आमच्या बालेवाडीत. फुटबॉल म्हटलं की आपण प्रीमियर लीगचे २० क्लब बघतो. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू असे ७२ व्यावसायिक क्लब आहेत. क्लबमागे पंचवीसएक खेळाडू धरले तरी अठराशे माणसं होतात. त्यातल्या पुष्कळांचं आयुष्य एकाच तारखेभोवती फिरतं: ३० जून. करार त्या दिवशी संपतात. मे महिन्यात क्लब यादी लावतो, कोण राहणार आणि कोण जाणार. ज्याचं नाव नाही तो जुलैत फोनची वाट बघतो.

नॉन-लीगमधून, म्हणजे या ७२ क्लबांच्याही खालून, येऊन लेस्टरकडून प्रीमियर लीग जिंकणाऱ्या जेमी वार्डीची कथा सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती इथे नको. मला या यादीवाल्यांबद्दल बोलायचंय.

प्लेस्टेशन_पंढरी

काका, यादीत अकिनफेनवा नसेल तर धागा बाद! फिफा गेममध्ये ताकदीत सगळ्यात वरचा प्लेअर. आम्ही हॉस्टेलवर त्यालाच घ्यायचो. पळायला कासव, पण अंगावर घेतला की समोरचा डिफेंडर गायब.

बालेवाडीकर

पंढरी, तो तर या धाग्याचा खरा नायक आहे. गेममुळे लोकांना तो गंमत वाटतो, त्याची कारकीर्द मात्र वाचण्यासारखी.

अॅडेबायो अकिनफेनवा, जन्म १९८२, लंडनचा. सुरुवात कुठे केली असेल? लिथुआनियात, अॅटलांटास क्लबकडे. तिथे प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी शिव्या खाल्ल्या आणि चषकही जिंकला. परत आल्यावर वेल्समध्ये बॅरी टाउन. त्या क्लबचं आर्थिक दिवाळं वाजलं. मग २००३-०४ च्या एकाच हंगामात बोस्टन युनायटेड, लेटन ओरिएंट, रशडन अँड डायमंड्स आणि डॉन्कास्टर. म्हणजे पोस्टाचा पत्ता बदलेपर्यंत क्लब बदललेला.

टॉर्कीत गोल केले, तेव्हा स्वॉन्सीने उचलला. २००६ च्या वसंतात फुटबॉल लीग ट्रॉफीच्या फायनलमध्ये कार्लाइलविरुद्ध विजयी गोल त्याचा. आणि त्याच हंगामाच्या शेवटी बार्न्सलीविरुद्धच्या प्ले-ऑफ फायनलमध्ये शूटआउटला त्याचीही पेनल्टी वाया गेली. पुढच्या हंगामात पाय मोडला. मिलवॉलला जेमतेम टिकला, मग नॉर्थॅम्प्टन, जिलिंगहॅम, पुन्हा नॉर्थॅम्प्टन, पुन्हा जिलिंगहॅम, एएफसी विम्बल्डन.

२०१५ च्या जानेवारीत एफए कपमध्ये विम्बल्डनसमोर लिव्हरपूल आलं. हा लहानपणापासून लिव्हरपूलचा भक्त. त्याने गोल केला, जेरार्डने दोन केले, विम्बल्डन २-१ हरलं.

आता मुख्य गोष्ट. ३० मे २०१६, वेम्बली, लीग टूची प्ले-ऑफ फायनल. विम्बल्डनने प्लिमथला २-० हरवलं, शेवटच्या क्षणांत अकिनफेनवाने पेनल्टीवर दुसरा गोल केला. संघ वरच्या डिव्हिजनमध्ये, मैदानावर जल्लोष, आणि टीव्हीवाल्याने माइक पुढे केल्यावर हा काय सांगतो? आपण आता तांत्रिकदृष्ट्या बेकार आहोत, कुणा मॅनेजरला हवा असेन तर व्हॉट्सअॅप करा. सगळे हसले. पण तो खोटं बोलत नव्हता. क्लबला वर नेणाऱ्या माणसाचा करार संपत होता आणि क्लब तो वाढवणार नाही हे त्याला कळलेलं होतं.

वाय्कम वॉंडरर्सने घेतला. तेव्हा तो चौतिशीत. २०१८ मध्ये वाय्कम लीग वनमध्ये गेलं आणि १३ जुलै २०२० ला रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्डला २-१ हरवून इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियनशिपमध्ये. त्या दिवशी लिव्हरपूलचा तेव्हाचा मॅनेजर क्लॉपने त्याला अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवला. निवृत्त झाला २०२२ मध्ये, चाळिशीत.

तालीमवाला

लई भारी धागा बालेवाडीकर. आमच्या कोल्हापुरात पेठंपेठंत फुटबॉल हाय. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पोरगं एका तालमीतनं दुसरीकडं गेलं तर सहा महिनं पेठंत त्याच्या घरावरनं जाताना लोकं मान फिरवत्यात. आणि हितं माणूस एका वर्षात चार क्लब करतोय आणि कुणाला काय न्हाय! लोकांना राग येत न्हाय व्हय?

कुडाळची_केतकी

तालीमवाले भाऊ, राग कशाचा, इथे लोकांना तो व्यवहार माहीत असतो. मी स्विंडनला राहते. आमच्याकडे गोंयकार खूप, त्यामुळे फुटबॉल आणि सुकं मासं दोन्हींची उणीव भासत नाही. स्विंडन टाउन आता लीग टूमध्ये आहे. हाच क्लब १९९३-९४ ला प्रीमियर लीगमध्ये होता हे जुने लोक एकदा तरी ऐकवतातच.

काउंटी ग्राउंडवर, म्हणजे स्विंडनच्या मैदानावर, माझ्या शेजारी बसणारे आजोबा नव्या खेळाडूचं नाव शिकायचा कंटाळा करतात. पाठीवरच्या नंबरानेच हाक मारतात. म्हणतात, नाव पाठ होईपर्यंत तो जाईल. पण तोच खेळाडू पावसात मंगळवारच्या रात्री एक टॅकल मारून चेंडू बाहेर काढतो तेव्हा सगळ्यात आधी उभे तेच राहतात.

बाहेरून न दिसणारी गोष्ट म्हणजे घर. एक वर्षाच्या करारावर कोण बायकोमुलांना हलवणार? मुलांची शाळा एका गावात, नोकरी दुसऱ्या. म्हणून हे लोक गाडी चालवतात. तीन-चार खेळाडू मोटरवेवरच्या एखाद्या सर्व्हिस स्टेशनवर भेटतात, तीन गाड्या तिथेच सोडतात, एका गाडीतून सरावाला जातात. सराव दुपारपर्यंत आटोपतो, परत तेवढाच रस्ता. आणि सामन्यांचं अंतर वेगळंच. २०१४ ते २०१७ या काळात कार्लाइल आणि प्लिमथ दोन्ही लीग टूमध्ये होते. नकाशा काढून बघा. सहाशे किलोमीटरहून जास्त, एका बाजूने. हंगामात लीगचेच ४६ सामने.

थेट_बोलतो

माफ करा, पण मला या भावुकपणाचं कारण कळत नाही. जो वर जाऊ शकला नाही तो वर जाण्याइतका चांगला नव्हता. क्रिकेटमध्येही रणजीत आयुष्य काढणारे शेकडो आहेत, त्यांच्यावर धागे निघत नाहीत. हे लोक खेळण्याचे पैसे घेतात, दुपारी घरी असतात. कारखान्यात आठ तास उभं राहणाऱ्याला विचारा.

बालेवाडीकर

थेटराव, निघत नाहीत ते धागे काढा ना, मी पहिला प्रतिसाद देतो.

आता "चांगला नव्हता" याबद्दल. स्टीव्ह क्लॅरिज. बोर्नमथ, ऑल्डरशॉट, केंब्रिज, ल्युटन, बर्मिंगहॅम असं करत लेस्टरला पोचला. मोजे घोट्यावर घसरलेले, अंगावर कसरतीचा पत्ता नाही. १९९६ च्या प्ले-ऑफ फायनलमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटाला याच्या नडगीला लागून चेंडू जाळ्यात गेला आणि लेस्टर प्रीमियर लीगमध्ये. पुढच्या वर्षी लीग कपची फायनल बरोबरीत सुटली, पुन्हा खेळवलेल्या सामन्यात मिडल्सबरोविरुद्ध एकमेव गोल, तोही याचाच. त्यानंतर? पोर्ट्समथ, वुल्व्ह्ज, मिलवॉल, आणि मग पुन्हा खाली, एकेका क्लबात थोडे थोडे महिने. २००६ च्या डिसेंबरात चाळिशीत बोर्नमथकडून पोर्ट व्हेलविरुद्ध हजारावा सामना खेळला. बोर्नमथ तो सामना सपाटून हरलं, हे त्याच्या कारकिर्दीला शोभूनच दिसलं.

किंवा जेमी क्युरटन. २००६-०७ मध्ये कोल्चेस्टरकडून चॅम्पियनशिपमध्ये २३ गोल, त्या डिव्हिजनमध्ये सर्वाधिक. कोल्चेस्टरचं दुसऱ्या स्तरावरचं ते पहिलंच वर्ष. याआधी तो दक्षिण कोरियात बुसानलाही जाऊन आलेला. नंतर एक्सेटर, ओरिएंट, चेल्टनहॅम, डॅगनम, आणि चाळिशी उलटल्यावरही नॉन-लीगमध्ये गोल चालूच.

गुणवत्ता एका रेषेत वर जात नाही, एवढंच म्हणायचंय. रिकी लॅम्बर्टला ब्लॅकपूलने सोडलं तेव्हा तो बिटाच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावत होता. मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, साउदॅम्प्टन, आणि २०१३ ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडसाठी पहिल्याच स्पर्शात गोल. मधल्या दहा-बारा वर्षांत त्याला कुणी विचारलं असतं तर तुम्ही "चांगला नव्हता" हेच म्हणाला असतात.

नाना_कूपरेजवाले

विषय छान. माझी हयात विमा कंपनीत आणि युनियनमध्ये गेली, आणि संध्याकाळ कूपरेज मैदानावर. आमच्या मुंबईत फुटबॉलपटू म्हणजे नोकरदार माणूस. टाटा, मफतलाल, ओरके मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र. सकाळी सराव, दुपारी खात्यात हजेरी. गुडघा गेला तरी मस्टरवरची सही चालू राहायची, प्रॉव्हिडंट फंड जमा व्हायचा. त्या मुलांचा खेळ कदाचित त्यामुळेच एका मर्यादेपलीकडे गेला नाही, पण कुणी रस्त्यावर आलं नाही. गिरण्या गेल्या, २०१० मध्ये महिंद्र युनायटेडही बंद झाला, आणि आपल्याकडेही करारपद्धत आली.

थेट_बोलतो यांना सांगतो, कारखान्यातल्या माणसाला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कुणी "तुमचं वय झालं" म्हणत नाही.

तालीमवाला

बायचुंग भुतिया बी तसल्याच क्लबात गेलता न्हवं? बरी का काय?

बालेवाडीकर

बरोबर, बरी एफसी. मँचेस्टरजवळचं गाव, गिग लेन मैदान. भुतियाने फुलहॅम, वेस्ट ब्रॉम, अॅस्टन व्हिला इथे चाचण्या दिल्या, कुठे जमलं नाही. १९९९ च्या सप्टेंबरअखेर नील वॉर्नॉकने त्याला बरीत घेतलं. तेव्हा बरी तिसऱ्या स्तरावर होतं. ३ ऑक्टोबरला कार्डिफविरुद्ध पहिला सामना, बदली खेळाडू म्हणून. डिसेंबरात वॉर्नॉक शेफील्ड युनायटेडला गेला. ज्याने आणलं तोच निघून गेला की काय होतं, हे फिरस्त्या खेळाडूंना विचारा. नवा मॅनेजर स्वतःची माणसं आणतो. १५ एप्रिल २००० ला चेस्टरफील्डविरुद्ध भुतियाचा पहिला लीग गोल. दुखापतींनी सतावलं, २००२ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन प्रशासकांच्या हाती गेला आणि तो भारतात परतला. आकडे बघून लोक म्हणतात, काय कमावलं? मला वाटतं की मंगळवारच्या चिखलातल्या त्या फुटबॉलमध्ये बाहेरच्या माणसाने तीन हंगाम काढणं सोपं नव्हतं.

सुनील छेत्रीला तेवढंही मिळालं नाही. २००९ मध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सशी बोलणं पक्कं झालं होतं, पण भारताचा फिफा क्रमांक खाली म्हणून वर्क परमिट नाकारलं.

कुडाळची_केतकी

बरीचं पुढे काय झालं तेही लिहा. २०१८ च्या डिसेंबरात क्लब एका पौंडाला विकला गेला. खेळाडूंचे पगार थकले. आणि त्या पगाराविना खेळणाऱ्या संघाने २०१९ ला लीग टूमधून बढती मिळवली! मे महिन्यात उत्सव, आणि २७ ऑगस्टला क्लबची लीगमधून हकालपट्टी. १८८५ चा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. खेळाडूंना दुसरीकडे जायची मोकळीक मिळाली, पण हंगाम सुरू झालेला, सगळ्यांचे संघ भरलेले.

थेट_बोलतो

हाच माझा मुद्दा. या क्लबांची ऐपत नसताना पगार देतात कशाला? मर्यादा घाला.

कुडाळची_केतकी

घातली होती. २०२० च्या ऑगस्टमध्ये, करोनात तिकीटविक्री थांबल्यावर, लीग वनला वर्षाला २५ लाख पौंड आणि लीग टूला १५ लाख पौंड अशी संपूर्ण संघाच्या पगाराची कमाल मर्यादा. खेळाडूंची संघटना पीएफए लवादाकडे गेली आणि २०२१ च्या फेब्रुवारीत ती रद्द झाली. मला दोन्ही बाजू पटतात, खरं सांगायचं तर. मर्यादा आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती बत्तीस वर्षांच्या मधल्या खेळाडूला. त्याच्या पगारात एकोणीस वर्षांची दोन पोरं येतात.

आणि त्या एकोणीस वर्षांच्या पोरांचं तरी काय! आमच्या ओळखीच्या घरातला मुलगा एका क्लबच्या अकादमीत होता, नाव नको. सोळाव्या वर्षी दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते, त्यात शिक्षणही करावं लागतं, आणि अठराव्या वर्षी करार मिळतो किंवा हात मिळवून निरोप. त्याला निरोप मिळाला. आई वर्षानुवर्षं डबे भरून, गाडी चालवून थकलेली. मुलगा सावरला, आता इलेक्ट्रिशियनचं काम शिकतोय आणि मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी नॉन-लीग क्लबात सराव करतो. शनिवारी खेळायचे थोडे पैसे मिळतात. आई मात्र अजून त्या क्लबच्या रस्त्याने जात नाही.

प्लेस्टेशन_पंढरी

बापरे. काका, इयान ह्यूम पण असाच ना? तो ब्लास्टर्सवाला, डोक्यावर ती मोठी खूण.

बालेवाडीकर

हो, आणि ती खूण बार्न्सलीची. ८ नोव्हेंबर २००८, शेफील्ड युनायटेडच्या ख्रिस मॉर्गनचं कोपर लागून कवटीला तडा, आत रक्तस्राव, शस्त्रक्रिया. मॉर्गनला फक्त पिवळं कार्ड. ह्यूम जगला हेच नवल, तो परत खेळायला उतरला. प्रेस्टन, डॉन्कास्टर. मग २०१४ ला केरळ ब्लास्टर्स, कोलकाता, परत केरळ. २०१८ मध्ये तो आपल्या पुणे सिटीकडूनही खेळला. केरळात लोकांनी त्याला "ह्यूमेट्टन" म्हणून डोक्यावर घेतलं. ट्रॅनमियर क्लबात घडलेल्या माणसाला कोचीच्या त्या गर्दीचं काय वाटलं असेल!

सुरुवातीची आयएसएल दोन-अडीच महिन्यांची होती. ज्याचा करार जूनमध्ये संपला, इंग्लंडमध्ये फोन आला नाही, त्याच्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरची ही नोकरी चांगलीच सोयीची. जानेवारीत तिकडची ट्रान्सफर विंडो उघडते. रॉजर जॉन्सन तेच करून गेला. २०११ ला बर्मिंगहॅमकडून आर्सेनलला हरवून लीग कप जिंकलेला हा माणूस पुण्यात हंगाम खेळला, २०१६ च्या जानेवारीत चार्ल्टनला परतला आणि पुढे ब्रॉमलीला गेला.

थेट_बोलतो

ठीक आहे, कष्ट आहेत हे मान्य. पण गुलाम तर नाहीत. करार संपला की मोकळे. ज्याला नको त्याने दुसरं काम धरावं.

नाना_कूपरेजवाले

तो मोकळेपणा फुकट मिळालेला नाही हो. १९६१ पर्यंत इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला आठवड्याला २० पौंड अशी कमाल मर्यादा होती. जिमी हिलच्या नेतृत्वाखाली पीएफएने संपाची तयारी केली तेव्हा ती हटली. पण त्याहून जाचक नियम दुसराच होता. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे. पगार नाही, दुसरीकडे खेळायची परवानगीही नाही.

जॉर्ज ईस्टहॅम न्यूकॅसलला होता. १९६० मध्ये त्याने तिथे खेळायला नकार दिला, क्लबने सोडायला नकार दिला. हा गडी दक्षिणेत गेला आणि एका स्नेह्याकडे बुचाच्या लाकडाचा माल विकायची नोकरी धरली. इंग्लंडच्या दारात उभा असलेला इनसाइड फॉरवर्ड, बुचं विकतोय! शेवटी न्यूकॅसलने त्याला आर्सेनलला ४७,५०० पौंडांना विकलं. काम झालं होतं, गप्प बसता आलं असतं. तरी पीएफएच्या पाठिंब्याने खटला चालवला आणि १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी तो नियम व्यवसायावरचा अवाजवी निर्बंध ठरवला.

नंतर बोस्मन खटला वगैरे आलं, करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला पैसे मोजायची गरज उरली नाही, ते तुम्हा मंडळींना ठाऊक आहे. ज्यांना मागणी आहे त्यांचं सोनं झालं. लीग टूमधल्या डाव्या बॅकला मात्र ती मोकळीक जूनमध्ये नको असलेली मिळते.

तालीमवाला

नाना, ह्यो बुचवाला किस्सा सविस्तर पायजे. त्या खटल्यात साक्षीला कोण कोण आलं, क्लबवालं काय बोललं, सगळं.

नाना_कूपरेजवाले

इथे विषयांतर होईल. ईस्टहॅमवर वेगळा धागा काढतो, रविवारपर्यंत. बालेवाडीकर, तोवर तुम्ही गोलकीपरांच्या तातडीच्या लोनबद्दल, म्हणजे अडचणीत दुसऱ्या क्लबाकडून थोडे दिवस उसना घेतलेल्या गोलकीपरबद्दल, लिहा. बाकीच्यांची ती सोय २०१६ ला बंद झाली, गोलकीपरांची चालू राहिली, आणि त्यात फार विलक्षण लोक आहेत.

बालेवाडीकर

लिहितो नाना. केतकीताई, तुमच्या त्या आजोबांना विचारा ना, स्विंडनमध्ये असा आठवड्याभरासाठी आलेला कुठला गोलकीपर त्यांना आठवतो. नंबर चालेल.